काट्यावरची नजर मोबाईलवरही असावी



कारखान्याच्या काट्यावर गाडी चढली की आपला सभासद कसा उभा असतो, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. गाडी काट्याच्या मधोमध आली की नाही, ड्रायव्हर खाली उतरला की नाही, फलकावरचे आकडे स्थिर झाले की नाही, हे तो डोळ्यांत तेल घालून बघतो. ऊस गव्हाणीत पडून रिकाम्या गाडीचे वजन होईपर्यंत तो जागचा हलत नाही. पावती हाती आली की दोन्ही वजने वाचतो, वजाबाकी तोंडी करतो आणि शंका आली तर काटा-क्लार्कला दोन शब्द सुनावल्याशिवाय जात नाही. त्याचा आम्हांला कधी राग आला नाही. आडसाली उसाला दीड वर्ष रात्री-अपरात्री पाणी पाजलेल्या माणसाने वजनात एक किलोदेखील सोडू नये.

तोच सभासद घरी जाऊन ओसरीवर टेकतो, तोवर खिशातला मोबाईल वाजतो. पलीकडून कोणी हिंदीत म्हणतो, मी बँकेतून बोलतोय, तुमचे खाते बंद पडणार आहे. आणि आमचा हा काट्यावरचा वाघ त्याला खातेनंबर सांगतो, कार्डावरचे आकडे सांगतो, वर मोबाईलवर आलेला सहा आकडी गुप्त क्रमांकही चष्मा लावून वाचून दाखवतो. पाच किलोसाठी भांडणारा माणूस पाच मिनिटांत अख्खे बिल देऊन मोकळा होतो! या अंकात हा विषय घेण्याचे कारण हेच.

ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत एफआरपीची रक्कम उत्पादकाला मिळाली पाहिजे, उशीर झाल्यास सालिना १५ टक्के व्याजासह मिळाली पाहिजे, हे आपल्याला तोंडपाठ आहे. परंतु गाळप कधी सुरू होते, बिले कधी जमा होतात, पीएम किसानचा दोन हजारांचा हप्ता कधी येतो, हे वेळापत्रक चोरालाही तितकेच पाठ असते. पैसे येण्याची वाट पाहणारा माणूस पैशाचा निरोप आला की घाईने उघडतो. चोराला तेवढी घाई पुरते.

ही यंत्रे आपल्यासाठी नवी आहेत, आपण अडाणी माणसे, असे कोणी म्हणू लागला तर आम्ही मान्य करणार नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर परिसरात १९९८ साली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या मदतीने सुमारे ७० गावांना संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. त्या काळी पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांतही संगणक नव्हता. वारणेच्या उत्पादकांची ऊस नोंद, वजनाची माहिती आणि हिशेब गावातल्या केंद्रावर मिळू लागला. पुढे दहा वर्षांच्या आत बंगळूरच्या संशोधकांनी तिथल्याच सात गावांत निराळा प्रयोग केला. संगणकावर बहुतांशी उसाचीच माहिती बघितली जाते, तर मग तीच साध्या मोबाईलच्या एसएमएसवर का देऊ नये, असा त्यांचा विचार. ऊस उत्पादकाने मोबाईल हाती धरून आपले वजन विचारले आणि त्याला उत्तर मिळाले. म्हणजे यंत्र आपल्याला कळत नाही, हा प्रश्नच नाही. काट्यावर जी सवय लागली आहे ती मोबाईलपर्यंत पोचलेली नाही, इतकेच.

मागच्या हंगामातली गोष्ट. आमच्या गट ऑफिसात एक वयस्कर सभासद सकाळी सकाळी आले. आम्ही त्यांना आबा म्हणतो. चेहरा उतरलेला. फोन टेबलावर ठेवून म्हणाले, "बाबा, ह्यो तापलाय बघ. राच्च्यापास्नं आपोआप उजेड पडतोय."

"आबा, काही दाबलंत काय?"

"काय न्हाय. गावच्या ग्रुपवर यादी आली हुती, शेतकऱ्यांच्या अनुदानाची. माझं नाव हाय का बघाय गेलो."

यादी म्हणून जे आले होते, ती यादी नव्हतीच. त्या फाइलीच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी तीन अक्षरे होती. हीच आजच्या लेखातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मोबाईलवर कागद येतो तो बहुधा फोटो म्हणून येतो, नाही तर 'पीडीएफ' म्हणून. तो उघडला की वाचायचा आणि मिटायचा. 'एपीके' हा कागद नव्हे, तो गडी आहे. आपण दार उघडले की तो घरात राहायला येतो. यादी बघण्यासाठी म्हणून आपण बोट लावतो, तेव्हा फोन आपल्याला सावध करतो की, हे अ‍ॅप अनोळखी ठिकाणाहून आले आहे, बसवायचे काय? आपण 'होय' म्हणतो. मग ते विचारते, मेसेज वाचू काय? आपण पुन्हा 'होय' म्हणतो. त्या दुसऱ्या होकाराने घराची किल्ली गेली. बँकेकडून येणारा गुप्त क्रमांक, ज्याला ओटीपी म्हणतात, तो आता आपल्या आधी चोर वाचतो. आपण कुणाला सांगितला नाही तरी वाचतो. काही अ‍ॅपे तर नोंदणी फी म्हणून फक्त एक रुपया भरायला सांगतात आणि त्या निमित्ताने बँकेचा पिन टाईप करून घेतात. एक रुपयाला कोण नाही म्हणेल? तो रुपया त्यांना नकोच असतो, त्यांना तो पिन हवा असतो.

लग्नाची पत्रिका, वाहनाचे चलन, वीजबिलाची थकबाकी, पीएम किसान अशा नाना नावांनी हा गडी फिरतो. नाव काहीही असो, शेपूट 'एपीके' असेल तर बोट लावू नये. अ‍ॅप पाहिजे असेल तर ते फोनमधल्या प्ले स्टोअरवरून घ्यावे. तिथेही नकली अ‍ॅप कधी कधी शिरते, म्हणून ते कोणी काढले आहे तेही वाचावे.

आबांच्या फोनवर ती फाइल पाठवणारा त्यांचा चुलत पुतण्याच होता. त्याने मुद्दाम पाठवली नव्हती. त्याचा फोन आधीच त्या गड्याच्या ताब्यात गेला होता आणि तोच सगळ्या ग्रुपांवर पत्रिका वाटल्यासारखा स्वतःला पाठवीत सुटला होता. म्हणून 'ओळखीच्या माणसाने पाठवले' हे कारण पुरेसे नाही. आमचेही काही कर्मचारी हाती आलेली यादी न उघडता, न वाचता चार ग्रुपांवर ढकलतात. हा दोष सभासदांवर ढकलून आम्हांला मोकळे होता येणार नाही.

आबांचे नशीब असे की त्यांच्या खात्यातली रक्कम आदल्याच आठवड्यात सोसायटीच्या कर्जापोटी वळती झाली होती. खात्यात सव्वातीनशे रुपये राहिले होते, तेवढेच गेले. कर्जाने माणूस वाचल्याचे हे एकच उदाहरण आमच्या पाहण्यात आहे.

तर असे काही दाबले गेले असे वाटले, तर प्रथम फोनचे विमानाचे चित्र असलेले बटण दाबावे. त्याने नेट आणि मेसेज दोन्ही तुटतात. मग घरातल्या दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खात्याचे व्यवहार थांबवावेत. नंतर जाणत्या माणसाकडून फोन कोरा करून घ्यावा. नातवंडांचे फोटो आधी काढून ठेवायला सांगावेत, नाही तर पैसे वाचून घरात भांडण उभे राहील.

आता पिनची गोष्ट. यूपीआय २०१६ साली सुरू झाले आणि आता चहाच्या टपरीपासून खताच्या दुकानापर्यंत काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा कागद चिकटलेला असतो. सोय मोठी आहे, यात शंका नाही. पण एक गोष्ट लहान-थोरांनी पाठ करावी : पिन लागतो तो पैसे देताना. पैसे घेताना पिन लागत नाही, कागद स्कॅन करावा लागत नाही, कोणताही क्रमांक सांगावा लागत नाही.

कोणी नेटवर म्हैस विकायला काढतो, फोटो टाकतो. तासाभरात फोन येतो. माणूस गोड बोलतो, भावात घासाघीस करीत नाही. न बघता म्हैस घेणारा आणि भावात घासाघीस न करणारा गिऱ्हाईक आपल्या बाजारात कधी पाहिला आहे काय? इथेच संशय यायला पाहिजे. तो म्हणतो, विसार पाठवतो, हा चौकोन स्कॅन करा आणि पिन टाका म्हणजे रक्कम जमा होईल. पिन टाकला की रक्कम जमा होते खरी, पण त्याच्या खात्यात.

पिन म्हणजे अंगठा समजावा. आपल्या आज्या-पणज्यांनी सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठा उठवला आणि त्या अंगठ्यापायी जमिनी गेल्या. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची दप्तरे जाळली, ती त्या कागदांसाठीच. नंतर १८७९ चा कायदा आला, पुढे सहकार आला. एवढा इतिहास पाठीशी असताना आपण मोबाईलवर पुन्हा कोऱ्या कागदावर अंगठा उठवावा, हे बरे दिसत नाही.

आणि खराखुरा अंगठाही सांभाळावयास हवा. गावातल्या केंद्रावर आधार लावून पैसे काढतात, तेव्हा अंगठा ठेवण्यापूर्वी पडद्यावर किती आकडा घातला आहे तो पाहावा आणि पावती मागावी. 'बोट उमटलं नाही, परत ठेवा' असे म्हटले तर दुसऱ्यांदा ठेवण्याआधी पहिल्या वेळचे पैसे गेले काय, हे विचारावे. आधारच्या अ‍ॅपमधून बोटांचे ठसे कुलूपबंद करून ठेवता येतात आणि लागतील तेव्हा उघडता येतात. ज्या घरात मुले शिकलेली आहेत त्यांनी आई-वडिलांसाठी एवढे जरूर करून द्यावे. झेरॉक्सच्या दुकानात आधार पाठवून छपाई केली तर दुकानदाराच्या संगणकावरून ते समोरच पुसून घ्यावे.

नेटवर सातबारा काढणारे सभासद पुष्कळ झाले आहेत, ही आनंदाची बाब आहे. महाभूलेखवर तो फुकट बघता येतो, पण तो माहितीपुरता. बँकेत किंवा कचेरीत द्यायचा तर डिजिटल सहीचा काढावा लागतो, त्याला १५ रुपये पडतात. अडचण अशी होते की सातबारा, सौर पंप, ठिबकचे अनुदान असे काही नेटवर शोधले की सरकारी पानाच्याही वर दुसरीच पाने दिसतात. ती पैसे भरून वर लावलेली जाहिरात असू शकते. पहिले दिसले ते सरकारी, असा अर्थ काढू नये. कुसुम योजनेच्या सौर पंपाच्या नावाने नोंदणी फी उकळणाऱ्या नकली पानांबद्दल केंद्र सरकारच्या नवीन ऊर्जा मंत्रालयाने वेळोवेळी इशारे दिले आहेत.

खरे-खोटे ओळखायचे कसे? पत्ता शेवटाकडून वाचावा. पाकिटावर आपण आधी नाव, मग गाव, तालुका आणि शेवटी जिल्हा लिहितो. पोस्टमन आधी जिल्हा बघतो. नेटचा पत्ताही तसाच आहे. नावाच्या जागी कोणीही काहीही लिहू शकतो, 'पीएमकिसान' लिहील, 'महाराष्ट्रशासन' लिहील. खरा जिल्हा शेवटी असतो. सरकारी पानाच्या पत्त्याचा शेवट 'डॉट गव्ह डॉट इन' असा होतो. 'पीएमकिसान डॉट गव्ह डॉट इन' हा खरा पत्ता. त्याच नावापुढे 'डॉट कॉम' किंवा 'डॉट ऑनलाईन' दिसले तर मागे फिरावे. मधेच कुठे 'गव्ह' घुसवलेले असेल तर त्याने फसू नये, शेवट काय आहे तेच पाहावे. बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने २०२५ साली सर्व बँकांना, सहकारी बँकांनाही, 'डॉट बँक डॉट इन' हा शेवट घ्यावयास सांगितले. आपल्या बँकेचा पत्ता शाखेत विचारून पासबुकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

बँकेचा किंवा कंपनीचा फोन नंबर नेटवर शोधणे हाही तसाच धोका आहे. शोधलेल्या नंबरावर मदतीसाठी फोन करावा आणि फोन चोराच्याच घरी लागावा, असे घडते. तो म्हणतो, अमुक अ‍ॅप घ्या म्हणजे मी इथूनच दुरुस्ती करतो. त्या अ‍ॅपने आपल्या फोनची काच त्याला दिसू लागते आणि आपण काय टाईप करतो ते तो बसल्या जागी बघतो. नंबर पासबुकावरचा घ्यावा, कार्डाच्या मागचा घ्यावा.

कार्डाच्या मागे, बरे आठवले, पिन लिहून ठेवणारे सभासदही आहेत. त्यांना काय म्हणावे ते सुचत नाही.

बारीकसारीक गोष्टी आणखी पुष्कळ आहेत. फोन मंद चालतो अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या फोनमध्ये सुप्रभाताची हजारो फुले-पाखरे साठलेली असतात. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आलेला प्रत्येक फोटो आपोआप साठवण्याची सोय बंद करता येते, ती करावी. अक्षर लहान दिसते म्हणून मेसेज न वाचणाऱ्यांनी सेटिंगमध्ये अक्षर मोठे करून घ्यावे, त्याला पैसे पडत नाहीत. टाईप करता येत नसेल तर कळफलकावरील माइकचे चित्र दाबून मराठीत बोलावे, फोन लिहून घेतो. आमच्याकडची 'खोडवा' आणि 'लागण' त्याला अजून नीट उमगत नाही, पण बाकी बरे लिहितो. वजनपावतीचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवावा, कारण त्या कागदावरची शाई पुढच्या हंगामापर्यंत राहत नाही. फोनला कुलूप असावेच. आणि फोन हरवला तर उपयोगी पडावा म्हणून स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून दिसणारा पंधरा आकडी क्रमांक वहीत उतरवून ठेवावा. संचार साथी या सरकारी सोयीवर तो देऊन हरवलेला फोन बंद पाडता येतो.

आता पैसे गेलेच, तर काय करायचे? १९३० हा नंबर लावायचा. हा देशभर चालणारा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक आहे. 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन' वरही तक्रार नोंदवता येते. चोराने काढलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या असे पळत असतात. कुठल्यातरी खात्यात ते सापडेपर्यंतच अडवता येतात. पाटाचे पाणी फुटले तर सकाळी बघू म्हणून आपण झोपत नाही, रात्रीच फावडे घेऊन जातो, तसेच हे आहे. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा, बँकेला लेखी द्यावे आणि पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली काढलेल्या परिपत्रकांत, सहकारी बँकांसाठीही, असे म्हटले आहे की आपली किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याने पैसे काढले आणि आपण बँकेचा निरोप मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले, तर भुर्दंड आपल्यावर येत नाही. आपणच ओटीपी सांगितला असेल तर मात्र कळवेपर्यंतचे नुकसान आपले. म्हणून त्या बाबतीतही जितक्या लवकर कळवाल तितके बरे.

आमचा अनुभव असा की पैसे जाण्यापेक्षा लाज जास्त नडते. माणूस दोन दोन दिवस घरात सांगत नाही. मुलगा रागावेल, भावकी हसेल, सोसायटीत चर्चा होईल, म्हणून गप्प राहतो आणि ते दोन दिवस चोराच्या कामी येतात. मोठमोठे डॉक्टर, निवृत्त अधिकारी यांना 'डिजिटल अटक' झाल्याचे सांगून व्हिडिओ कॉलसमोर बसवून ठेवल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही, तरी शिकलेली माणसे घाबरली. तेव्हा फसलेल्या सभासदाला हसणाऱ्यांनी आपापले फोन एकदा उघडून बघावेत.

शेवटी एक कामाची गोष्ट, आणि ती थेट कारखान्याशी संबंधित आहे. ऊस नोंदणीच्या वेळी बऱ्याच सभासदांनी जो मोबाईल नंबर दिला आहे, तो त्यांच्या हाती नाही. नोंद आजोबांच्या नावे, नंबर नातवाचा आणि नातू पुण्याला कामाला. वजनाचा मेसेज पुण्यात पोचतो आणि आजोबा इकडे चिठ्ठीची वाट बघतात. काहींनी दिलेले सिम केव्हाच बंद पडले आहे. बंद पडलेला नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्याच माणसाला देते, म्हणजे आपल्या उसाचे वजन आणि बिलाची रक्कम कुणा परक्याला कळत असते. बँकेतही तोच जुना नंबर असेल तर ओटीपीही त्याच्याकडे जाणार. ज्या घरात बिल बाईंच्या नावे निघते तिथे तर नंबर हटकून दिराचा नाही तर भाच्याचा असतो. ज्याच्या किंवा जिच्या नावे ऊस, त्याच्या हातातला नंबर नोंदीला असावा. पासबुक आणि चालू फोन घेऊन गट ऑफिसला यावे, नंबर तपासून तिथल्या तिथे बदलून दिला जाईल. बँकेतला नंबर मात्र शाखेत स्वतः जाऊन बदलावा लागतो, तो फोनवरून कुणी बदलून देतो म्हणाला तर तोच चोर समजावा.